अर्ध्या तासाचं मांस

रात्री साडेदहाला फोन आला. माझी भाची इटलीत तुरिनला शिकते. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे चालतं, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते. "मावशी, जेवली काय वं?" एवढं विचारून तिनं लगेच सांगून टाकलं, "आज म्या डुकराचं मास केलं. कॉलेजातून आली अन् अर्ध्या घंट्यात जेवाले बसली."

"अर्ध्या घंट्यात? कच्चं तं नाई ना रायलं?"

"नाई वं मावशी. लोण्यावानी झालं. इथं त्याले फिलेत्तो म्हणतात. साऱ्या बाया कामावरून आल्या का हेच करतात."

फोन ठेवला तरी तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या घरी, अकोल्यात मोर्णा नदीच्या या काठाला जुन्या शहरात, रविवारी मटण अकराला चुलीवर चढतं आणि ताटं मांडली जातात दीडला. कुकर लावला तर तास वाचतो, पण मसाला भाजणं-वाटणं धरून दीड तास कुठे जात नाही. म्हणून आमच्याकडे मटण हा सुटीचा पदार्थ. कामाच्या दिवशी रात्री पिठलं, नाहीतर अंड्याचा रस्सा. मग ही पोरगी बुधवारी संध्याकाळी, एकटीच्या खोलीत, एका तव्यावर मांस करून मोकळी कशी होते? आधी वाटलं, डुकराचं मांसच मऊ असेल. तसं काही नाही. डुकराच्या खांद्याला बोकडाच्या खांद्यासारखेच दोन-तीन तास लागतात. फरक प्राण्यात नाही आणि चुलीतही नाही. तिनं जो तुकडा आणला होता, त्यात सगळं आहे.

हा तुकडा म्हणजे पाठीच्या कण्याला आतून, पोटाच्या पोकळीच्या बाजूनं चिकटलेला एक लांबट स्नायू. शरीरशास्त्रात त्याला सोआस मेजर म्हणतात. इंग्रजी बोलणारे खाटीक टेंडरलॉइन म्हणतात, मुंबई-गोव्याकडे अंडरकट हा शब्द चालतो, आणि इटलीत फिलेत्तो. डुकराचा असेल तर तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढा लांब, एका टोकाला निमुळता, आणि वजनाला साधारण 400 ते 600 ग्रॅम भरतो. एका जनावरात असे दोनच, कण्याच्या दोन बाजूंना एकेक.

चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराचा भार खांदे, मांड्या आणि मान पेलतात. बोकड दिवसभर चरतो, मान खाली-वर करतो, उड्या मारतो, मागच्या पायांवर उभा राहून बाभळीचा पाला ओरबाडतो. या सगळ्यात कण्याखालच्या त्या पट्टीला फार थोडं काम पडतं. स्नायू जितका राबतो तितकी त्याच्या धाग्यांभोवतीची जाळी दाट आणि चिवट होत जाते. ही जाळी कोलॅजन नावाच्या प्रथिनाची. मांस खाताना दाताखाली जो चिवटपणा लागतो, तो बराचसा या जाळीचा. आयुष्यभर आराम केलेल्या स्नायूत ती नावालाच असते.

आता मांस शिजताना काय घडतं ते पाहू, कारण अर्धा तास आणि अडीच तास यांचा हिशेब तिथेच लागतो. कच्चं मांस म्हणजे पाण्यानं भरलेल्या बारीक धाग्यांच्या जुड्या, त्यांच्याभोवती कोलॅजनचं वेष्टन. तापमान 50 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की मायोसिन हे प्रथिन घट्ट होऊ लागतं, मांसाचा कच्चा लिबलिबीतपणा जातो. साठीच्या पुढे कोलॅजनचं वेष्टन आक्रसतं आणि धाग्यांना पिळतं, त्यातून रस बाहेर येतो. 66 ते 73 अंशांच्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही आवळतं, आणि मांस कोरडं, दोरीसारखं व्हायला लागतं. इथवरचा प्रवास मांसाला बिघडवणारा वाटतो, आणि ज्या तुकड्यात कोलॅजन नाही त्याच्यापुरता तो खराच बिघडवणारा असतो.

पण खांद्याच्या किंवा नळीच्या तुकड्याची गोष्ट याच्या पुढे सुरू होते. सत्तरीच्या वर तापमान तासन्‌तास टिकलं की ते चिवट कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं. ते रश्श्यात उतरतं, धाग्यांमध्ये भरतं, आणि आवळून कोरडे पडलेले धागे त्या ओलाव्यात एकमेकांपासून सुटे होतात. रविवारचा रस्सा ओरपल्यावर ओठाला ओठ चिकटतो, तो याच जिलेटिननं. पाया रात्रभर ठेवला तर सकाळी थिजतो, त्याचंही कारण हेच. आपली आई-आजी 'मटण उतरलं' म्हणायची, तेव्हा ती नेमका हाच क्षण ओळखत होती. कुकर याच कामाला घाई लावतो. उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांच्या पुढे जात नाही. कुकरमधल्या दाबाखाली ते 120 अंशांपर्यंत चढतं आणि कोलॅजन कितीतरी लवकर विरघळतं.

म्हणजे मांस शिजवण्याच्या दोनच सरळ वाटा आहेत. राबलेल्या स्नायूला वेळ द्यायचा, अगदी भरपूर. आराम केलेल्या स्नायूला वेळ द्यायचाच नाही. मधल्या वाटेनं गेलं की दोन्हीकडून नुकसान.

आणि आपण बहुतेक जण मधल्याच वाटेनं जातो. हे माझ्या लक्षात आलं ते खाटकाच्या दुकानात उभं असताना. रविवारी सकाळी रांगेतला प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "मिक्स द्या." त्या मिक्समध्ये मांडी असते, नळी असते, सीना, चाप, गर्दनीचे दोन तुकडे, पाठीचे दोन, आणि वर थोडी चरबी. ठोकळ्यावर सुरा पडतो आणि सगळं एकाच पिशवीत जातं. रश्श्याला ते चांगलंच, हाडाची चव येते, नळी चोखायला मिळते. पण वेळेच्या हिशेबानं या पिशवीत चार वेगवेगळे पदार्थ एकत्र असतात. शिट्ट्या आपण मोजतो त्या गर्दनीच्या आणि नळीच्या बेतानं. ती मऊ होईपर्यंत पाठीचा मऊ तुकडा कधीच पिळून निघालेला असतो. ताटात एखादी फोड दोऱ्यासारखी, चोथ्यासारखी लागते आणि आपण म्हणतो, हा बोकड जून होता. बोकडाचा काही दोष नव्हता. तो तुकडा भांड्यातून अर्ध्या तासात बाहेर निघायला हवा होता, आपण त्याला दीड तास आत ठेवलं.

इटलीत जनावर कापतानाच ही वाटणी होते, आणि प्रत्येक तुकड्याचं नाव घरातल्या बाईलाही ठाऊक असतं. उंब्रिया प्रांतात नॉर्चा नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथले डुकराचं मांस कापणारे कारागीर मध्ययुगापासून इतके नावाजलेले, की आजही इटालियन भाषेत या धंद्याच्या माणसाला नॉर्चिनो आणि त्याच्या दुकानाला नॉर्चिनेरिया म्हणतात. गावाचं नाव धंद्याला मिळालं. अशा दुकानात खांदा मागितला तर स्पाल्ला, पाठीचा मोठा स्नायू लोंझा, पोट पान्चेत्ता, गालाचं मांस ग्वान्चाले, आणि कण्याखालची पट्टी फिलेत्तो. रोमजवळच्या आरिच्च्याचं पोर्केत्ता हे आख्ख्या डुकराचं भाजणं तासन्‌तास चालतं. तोस्कानातलं आरिस्ता म्हणजे रोझमेरी आणि लसूण लावून भाजलेली हाडासकटची पाठ, तीही सणावाराची. फिलेत्तो या सगळ्यांपेक्षा वेगळा. तो कामाच्या दिवसाचा.

मराठी जगातही डुकराचं मांस आहेच, आणि ते फार जाणतेपणानं शिजवलं जातं. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत, ज्यांची घरची बोली मराठीचीच, लग्नाकार्याला इंदयाल होतं. गोव्यात सोरपोतेल आणि विंदालू. विंदालू हे नावच पोर्तुगीजांच्या 'विन्या द आल्योश'वरून आलं, म्हणजे द्राक्षाच्या दारूत आणि लसणीत मुरवलेलं मांस. गोव्यानं दारूच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर घेतलं आणि वर मिरची घातली. पण हे सगळे पदार्थ चरबीच्या, राबलेल्या तुकड्यांचे. ते आंबटात मुरतात, सावकाश शिजतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. सोरपोतेल तर करतातच आधीपासून, रोज गरम करत मुरवायला. फिलेत्तोचं असं सोरपोतेल केलं तर एका चांगल्या तुकड्याची माती होईल.

आमच्या जुन्या शहरात डुकराचं मांस बहुतेक घरांत शिजत नाही. आमच्या घरीही नाही, आणि शेजारच्या मुसलमान कुटुंबांत तर ते निषिद्धच. एका भिंतीला भिंत लावून राहताना हे सांभाळणं मला मनापासून योग्य वाटतं. भाची तिकडे खाते, तिला मी कधी अडवलं नाही. पण तिनं फोनवर सांगितलेली रीत मी नीट लिहून घेतली, कारण ती रीत डुकरापुरती नाही.

रीत अशी. पट्टीच्या वरून एक पांढरट चंदेरी पापुद्रा असतो, तो सुरीनं सोलून काढायचा. हा पापुद्रा एवढ्या थोड्या वेळात विरघळत नाही, उलट आक्रसून तुकड्याला वाकडं करतो. मग पट्टीचे दोन बोटं जाडीचे गोल काप करायचे आणि तळहातानं हलके दाबायचे. मीठ, मिरपूड, चिरडलेली लसूण. काप कापडानं किंवा कागदानं टिपून कोरडे करायचे, हे फार महत्त्वाचं. तवा चांगला तापू द्यायचा, थोडं तेल, आणि काप ठेवले की तीन मिनिटं हात लावायचा नाही. उलटून आणखी तीन मिनिटं. बाहेर काढून झाकून पाच मिनिटं ठेवायचे. तेवढ्यात त्याच तव्यात चमचाभर लोणी आणि अर्धी वाटी पांढरी वाइन किंवा लिंबाचं पाणी घालून तळाशी चिकटलेलं खरवडून घ्यायचं. दोन उकळ्यांत त्याची दाटसर आमटी होते, ती वरून ओतायची. पाव आणि पालेभाजीबरोबर खायचं.

यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे. जाडीचं पाहा. जाडी दुप्पट केली तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून काप पातळ केले की घटका मिनिटांवर येते. कोरडं करणं यासाठी, की मांसावर पाणी असेल तोवर तव्याची सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते आणि पृष्ठभाग 100 अंशांवर अडकून राहतो. मांसाला जो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो, तो 140 अंशांच्या पुढे वेगानं तयार होतो. प्रथिनातली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यातली ही क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यानं 1912 मध्ये मांडली. भाकरीला पडणारे डाग, भाजलेल्या कांद्याचा वास, भाजक्या शेंगदाण्याचा रंग, सगळीकडे ही क्रिया हजर असते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मोठ्या आचेवर भाजलं की मांसाची भोकं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, असं अजून पुष्कळ पुस्तकांत छापतात. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यानं 1847 मध्ये मांडली आणि ती खोटी ठरून कितीतरी वर्षं झाली. तव्यावर ठेवलेलं मांस चुरचुरत राहतं, तो आवाजच बाहेर येणाऱ्या रसाचा आहे. भाजायचं ते चवीसाठी. रस टिकतो तो फक्त वेळेत उतरवल्यानं.

तव्याच्या बुडाशी चिकटलेल्या त्या तपकिरी थराची किंमत इटालियन बाईला कळते. आपल्यालाही कळते. मसाला परतताना बुडाला लागू लागला की आपण पाण्याचा हबका मारतो आणि उलथन्यानं खरवडतो, तेव्हा तीच चव रश्श्यात जाते.

मांस किती शिजलं पाहिजे, हा प्रश्न डुकराच्या बाबतीत आपल्याकडे फार भीतीनं विचारला जातो. भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी बसली आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठीचं सुरक्षित तापमान 71 अंशांवरून 63 अंशांवर आणलं, वर तीन मिनिटं तसंच ठेवण्याची अट घालून. खिम्यासाठी मात्र 71 अंशच, कारण खिम्यात बाहेरचं सगळं आत जातं. भाचीच्या तुकड्याच्या मधोमध किंचित गुलाबी छटा होती ती यामुळेच. मात्र हे तपासणी झालेल्या कत्तलखान्यातल्या मांसाचं. आपल्याकडे मोकाट फिरणाऱ्या जनावराचं, कुठून आलं ते माहीत नसलेलं मांस असेल तर मी कोणालाही 71 अंशांच्या खाली थांबू नका असंच सांगेन, थोडं कोरडं झालं तरी चालेल. अर्धकच्च्या दूषित मांसातून आतड्यात पट्टकृमी वाढतो.

पण मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार सगळे डुकराच्या मांसाशी जोडतात, त्याचा मार्ग वेगळा आहे. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातातून दुसऱ्याच्या पोटात गेली की त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचतात. म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होतो. कच्ची कोथिंबीर आणि काकडी नीट धुणं, शौचानंतर साबणानं हात धुणं, हा त्यावरचा खरा इलाज. ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी, मग त्या घरात मांस शिजो वा न शिजो.

आता माझा बुधवार. खाटकाकडे गर्दी नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, कंबरेच्या हाडाखालची आतली पट्टी वेगळी काढून देता काय?" त्यांनी सुरा थांबवला. "बाई, ते तं दोन घासाचं मास हाये. त्याचं काय करता?" मग त्यांनी लटकवलेल्या धडाच्या आत हात घातला आणि कण्याच्या बाजूनं बोटानंच ती पट्टी सोडवली. सुरा फक्त दोन टोकांना लागला. ती इतक्या सहज सुटली की मी बघतच राहिले. आपल्या वऱ्हाडात बोकड बहुतेक बेरारी जातीचे किंवा त्या रक्ताचे, लाखपुरी असंही त्यांना म्हणतात. अंगानं सडपातळ. त्यामुळे दोन्ही पट्ट्या मिळून दोघांच्या ताटापुरत्या जेमतेम. मी त्यांच्याकडून पाठीचा वरचा लांब स्नायूही हाडावरून सोडवून घेतला, तोही बऱ्यापैकी आराम केलेलाच. आता चार जणांचं झालं.

पहिल्या वेळी मी चुकले होते. त्याच्या आदल्या आठवड्यात पाठीचे असेच तुकडे आणले आणि सवयीनं कुकरला लावून तीन शिट्ट्या घेतल्या. झाकण काढलं तेव्हा तुकडे आक्रसून अर्धे झालेले, आणि चावताना सुतळी. बोकडाच्या मांसात धाग्यांच्या मध्ये चरबी फार थोडी असते, त्यामुळे वेळ चुकली तर सावरायला काहीच उरत नाही. त्या दिवशी मला कोलॅजनचा अर्थ पुस्तकातून कळला नसता एवढा दातांनी कळला.

या खेपेला तवा घेतला. बिडाचा, भाकरीचाच. मसाल्याचं काय करावं हा विचार दिवसभर चालला होता. इटलीत या मांसाला सेज, रोझमेरी, थाइम लावतात. अकोल्यात सेज मिळत नाही, पण आमच्या अंगणात कुंडीत पानओवा आहे, ज्याच्या जाड लोकरी पानांची आपण भजी करतो. सेज, रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, इटालियन बेसिल, आपला पुदिना, तुळस आणि हा पानओवा, ही सगळी एकाच कुळातली झाडं. ओरेगॅनोला जो तिखट गरम वास असतो तो कार्व्हाक्रॉलचा, थाइमला थायमॉलचा. पानओव्याच्या पानातही हीच द्रव्यं असतात. आपला डब्यातला ओवा मात्र दुसऱ्या कुळातला, धणे-जिरे-बडीशेपेच्या. तरी त्याच्यात थायमॉल भरपूर, म्हणून वास जुळतो. दोन कुळांनी वेगवेगळ्या वाटेनं एकच वास तयार केला, याचं मला अजून नवल वाटतं. बडीशेप तर इटलीतल्या डुकराच्या मांसाची पक्की सोबतीण आहे, बऱ्याच ठिकाणच्या पोर्केत्तात आणि सॉसेजमध्ये ती असते. आपण ती जेवणानंतर खातो, ते जेवणात घालतात.

मी चमचाभर बडीशेप, दहा मिरे आणि चार लसणीच्या पाकळ्या खलबत्त्यात जाडसर कुटल्या. मीठ मांसाला आधीच, पाऊण तास अगोदर लावून ठेवलं. मीठ प्रथम पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं, आणि मांस शिजताना जास्त ओलावा धरून ठेवतं. तेवढा वेळ नसेल तर अगदी तव्यावर टाकताना लावावं. मध्येच दहा मिनिटं आधी लावलं तर पाणी बाहेर आलेलं आणि आत न गेलेलं अशी अवस्था होते. काप टिपून घेतले, करडईच्या तेलात ठेवले, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. शेवटच्या मिनिटाला पानओव्याची चार पानं तव्यात टाकली, ती कुरकुरीत होऊन फुगली. काप ताटलीत काढून झाकले.

वाइनच्या जागी मी संत्रं पिळलं. अमरावतीकडच्या वरूड-मोर्शीच्या बागांतली आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली होती. अर्धी वाटी रस तव्यात पडला तसा मोठा आवाज करून उकळला, बुडाचा तपकिरी थर सुटला. थोडा लिंबाचा रस आणि चमचाभर लोणी. वाइनचं काम आंबटपणा देणं आणि बुडाची चव सोडवणं, ते संत्र्यानं केलं, वर गोडवा दिला. आमच्या इकडच्या आंबट-गोड संत्र्याला मांसाची ही सोबत मी याआधी कधी दिली नव्हती, याचं मला खरंच वाईट वाटलं. काप धाग्यांच्या आडव्या दिशेनं चिरले, कारण लांब धागा दातांनी तोडावा लागतो, आखूड धागा आपसूक सुटतो. घड्याळात पाहिलं तर तवा चढवल्यापासून बावीस मिनिटं झाली होती. ज्वारीच्या भाकरीबरोबर घरातल्यांनी ते खाल्लं, आणि सासूबाईंनी विचारलं, "हे मटण हाये काय?"

ज्याला पट्टी मिळणार नाही त्याच्यासाठी कलेजी आहे, आणि तीच वऱ्हाडातली जुनी अर्ध्या तासाची मेजवानी. कलेजी म्हणजे स्नायूच नाही, तिच्यात विरघळवावं असं कोलॅजन जवळजवळ नसतं. रविवारी रस्सा रटरटत असताना भुकेल्या पोरांना तव्यावरची कलेजी आधी मिळायची. आईनं तिला वेगळं काढलं होतं ते लाडापोटी, पण रीतही तीच बरोबर होती. व्हेनिसमध्ये हाच पदार्थ शहराच्या नावानं ओळखला जातो, फेगातो आल्ला व्हेनेत्सियाना. वासराची कलेजी आणि भरपूर पांढरा कांदा. कांदा मंद आचेवर अर्धा तास मऊ करायचा, आणि मग पातळ कापलेली कलेजी मोठ्या आचेवर जेमतेम काही मिनिटं. आपण कांदा आणि कलेजी एकदम टाकून झाकण ठेवतो, तिथे चुकतो. कांद्याला वेळ हवा, कलेजीला नको. कांदा आधी होऊ द्या, मग कलेजी टाका, आतला लालसरपणा गेला की लगेच उतरवा. त्याच्या पुढे ती खडूसारखी होते.

श्रावणात आमच्याकडे हे सगळं बंद असतं. राजराजेश्वर मंदिराच्या कावडयात्रेच्या दिवसांत जुन्या शहरात मांसाचा विषय कोणी काढत नाही. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर, तेव्हा घरोघरी मोठी पातेली चढतात. गेल्या करीला मी खाटकाकडून मांडी, नळी आणि गर्दन एका पिशवीत घेतली, पाठीचं मांस आणि पट्ट्या दुसऱ्या पिशवीत. रस्सा दुपारचा, पट्ट्या रात्रीच्या.

परवा भाचीचा फोन पुन्हा आला, या वेळी दुपारी. "मावशी, आज बजारात स्पाल्ला भेटला, सस्ता होता म्हणून घेतला. तवा ठेवून रायली, किती मिंट ठेवू?"

स्पाल्ला म्हणजे खांदा. मी म्हटलं, "तवा उतरव बाई. कांदा-खोबरं भाजून घे, जाड बुडाचं पातेलं घे, झाकण ठेव, अन् तीन घंटे त्याच्याकडं पाहू नोको."

"तीन घंटे? मले दोन वाजता क्लास हाये."

"मंग आज त्याले फ्रिजात ठेव," मी म्हटलं, "अन् रविवारी कर."